अकरा वाजताचा ठेका

सात जानेवारी, बुधवार. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची होती.

हे काम दर दोन-तीन महिन्यांनी करावंच लागतं. दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं, तापलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, आणि गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या गल्लीत जातं. पूर्वी टाकी माझा नवरा लावायचा. आता मी लावते. वरचा दगड साखळीनं उचलायचा, उलटा ठेवायचा, चष्मा चढवायचा आणि छिन्नीनं एकेक खाच पुन्हा उघडायची. चार तास जातात. मी मुद्दाम तो दिवस धरला होता. दुसऱ्या दिवशी धुळ्याला डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि आदल्या दिवशी हातांना काम नसलं की माझं डोकं नको तिकडे जातं.

नवरा काउंटरमागे स्टुलावर बसला होता. घरात मी त्याला अहो म्हणते. इथे मात्र मी 'तो' असंच लिहिणार आहे, नाहीतर प्रत्येक वाक्य सांभाळत बसावं लागेल. साडेअकरा वाजले असतील. शेजारच्या काकू आदल्या दिवशीचं दळण न्यायला आल्या. त्यांचा डबा त्याच्या हातापासून वीतभर लांब होता.

"भाऊ, द्या ना तेवढा डबा. का आज बसूनच राज्य करायचं?"

"राजाला उठावं लागत नाही, काकू. प्रजा धट्टीकट्टी आहे. उचला."

काकू हसल्या आणि डबा घेऊन गेल्या. मी दगडावर वाकलेली होते तरी मला दिसलं. बोलताना त्याचा चेहरा हलला नव्हता आणि उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडला होता. महिनाभर मी हे बघत होते. अकरा ते दीड या वेळात तो स्टुलावरून उठत नसे. बसल्या बसल्या करायची सगळी कामं त्यानं त्या वेळेला लावून घेतली होती: चिठ्ठ्या लिहिणं, सुटे मोजणं, गप्पा.

"आखडलंय का?" मी विचारलं.

"थंडी आहे."

"उद्या डॉक्टरांना हेच सांगायचं?"

"वहीत लिहिलंय सगळं."

वहीत काय लिहिलंय ते मला माहीत होतं. तारीख, गोळ्यांच्या वेळा आणि पुढे एक शब्द: ठीक. सबंध डिसेंबर ठीक. एकवीस तारखेलासुद्धा ठीक, आणि त्या रविवारी काय झालं ते अख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं.

आजार दहा वर्षांचा आहे. पार्किन्सन. सुरुवात हाताच्या थरथरीनं झाली नाही. चालताना त्याचा उजवा हात हलेनासा झाला आणि चिठ्ठीवरचं अक्षर बारीक होत गेलं. "कागद वाचवताय का?" असं मी विचारायचे. मग थरथर आली, मग मंदपणा आला. पाच किलोचा डबा तोलकाट्यावर चढवायला त्याला इतका वेळ लागायचा की लोक स्वतःच चढवायला लागले. गोळ्या वाढत वाढत दिवसाला सहावर गेल्या. शेवटी गेल्या जूनमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. मेंदूत दोन तारा आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र. तारांतून सतत बारीक वीज जाते. ऑपरेशननंतर थरथर जवळजवळ थांबली. गोळ्या चारवर आल्या: सात, अकरा, तीन, सात. तो पुन्हा डबे उचलायला लागला.

डॉक्टर पुण्याच्या, पण महिन्यातून एकदा धुळ्याला येतात. आम्हाला जळगावहून ते बरं पडतं. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. नवऱ्याला काका म्हणतात आणि मला ताई. माझी हरकत नाही.

सप्टेंबरमध्ये त्यांनी वीज एक पायरी वाढवून बघितली होती. पाय सुधारले, जीभ गेली. तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलणं. गिऱ्हाईक "हं?" म्हणायचं, मग माझ्याकडे बघायचं. आठ दिवसांनी वीज पुन्हा कमी केली तेव्हा बोलणं परत आलं.

ते आठ दिवस त्याला फार लागले. गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. रविवारी नऊला वंदना असते आणि वीस वर्षं ती हाच घेतो. तो पुढे म्हणतो, बाकीचे मागून. त्या आठ दिवसांतल्या रविवारी तो तोंड मिटून मागे बसला आणि एका शाळकरी मुलीनं वंदना घेतली. तिनं चांगली घेतली, हे त्यानंच मला घरी आल्यावर सांगितलं. आणि मग म्हणाला, "पाय उचलला नाही तर चार माणसं धरून नेतात. जीभ कोण उचलणार?"

म्हणून वहीत ठीक. आखडतं असं लिहिलं तर वीज वाढेल, वीज वाढली तर जीभ जाईल. त्याचा हिशेब एवढाच होता. मला तो कळत होता, आणि कळूनही मी गप्प होते, हे इथे लिहायला हवं.

एकवीस डिसेंबरचं सांगते. आदल्या संध्याकाळी माझ्या नणंदबाई आल्या होत्या. नरडाण्याजवळच्या खेड्यात असतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. भावावर जीव आहे आणि माझ्या स्वयंपाकावर विश्वास नाही. रविवारी पहाटे उठून चूल असल्यासारखा गॅस ताब्यात घेतला, वांगी भाजली, भरीत केलं, आणि सात वाजता त्याच्यासमोर ताट ठेवून बसल्या.

"खाय रे भाऊ. कळणानी भाकर शे. आंग बठ्ठं मोकळं हुई जाई."

"अंग सगळं मोकळं होईल गं अक्का, पण वंदनेला जायचंय."

"मंग काय उपाशी पोटे जाशी? देखा बिचारा कसा वाळी गया."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी चहा गाळत राहिले. त्यानं गोळी घेतली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

नऊला विहाराच्या उंबऱ्यापाशी तो थांबला. एक पाय आत, एक बाहेर. आत साठ-सत्तर माणसं बसलेली, सगळ्यांची तोंडं दाराकडे. पाय जमिनीला खिळल्यासारखा. मागून येणाऱ्यांना वाटलं कुणाशी तरी बोलतोय, म्हणून तेही थांबले. मी डॉक्टरांनी शिकवलेलं करून बघितलं. माझी चप्पल त्याच्या पायापुढे आडवी ठेवली आणि म्हणाले, "ओलांडा." एरवी असं काही ओलांडायला दिलं की पाय सुटतो. त्या दिवशी नाही सुटला. शेवटी दोघांनी काखेत धरून त्याला आत नेलं. वंदना त्यानं म्हटली, पण आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही. बाहेर आल्यावर अक्का रडल्या. मी चप्पल घातली आणि गिरणी उघडली.

त्या दिवशीही त्यानं वहीत ठीक लिहिलं.

गुरुवारी पहाटे पाचला उठले, भाकरी केल्या, डबा बांधला. सातची गोळी त्यानं बसस्टँडवर घेतली. एरंडोल, पारोळा, मग धुळे. वही माझ्या पिशवीत होती. वाटेत तो म्हणाला, "तू काही बोलू नको आत."

"विचारलं तर सांगणार."

"कुणाला विचारतील? पेशंट मी आहे."

साडेदहाला नंबर लागला. सातच्या गोळीचा जोर अजून होता, त्यामुळे तो ऐटीत आत गेला. डॉक्टरांनी चालायला लावलं, चालला. बोटं उघड-मीट करायला लावली, केली. वही उघडून पानं उलटली.

"काका, सगळं ठीक?"

"एकदम."

मग त्यांनी त्यांची चपटी टॅब्लेट त्याच्या छातीजवळच्या यंत्राशी जोडली आणि आधी स्वतः वाचलं. पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर दोन महिन्यांची रेघ होती, दिवसामागून दिवस, डोंगरांच्या रांगेसारखी.

"हे यंत्र नुसती वीज देत नाही. ऐकतंही. ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं मी."

"बटण दाबलं की ऐकतं," तो म्हणाला.

त्याला मोबाईलसारखं एक छोटं उपकरण दिलेलं आहे. त्यावर तीन खुणा: गोळी घेतली, आखडलो, बरं वाटतंय. तो पहिली आणि तिसरी दाबायचा. दुसरीला त्यानं हात लावला नव्हता.

"बटण म्हणजे तुमची नोंद, काका. त्याची नोंद ते स्वतः करतं. दिवसरात्र."

माझ्या नवऱ्याचा चेहरा आजारामुळे फारसा हलत नाही. तरी त्या क्षणी तो काय समजला ते मला दिसलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मेंदूत हालचालींशी संबंध असलेला एक लहान भाग आहे. तिथल्या पेशी एरवी आपापलं बोलत असतात, बाजारात बोलतात तसं. या आजारात त्या सगळ्या एकाच ठेक्यात बोलायला लागतात, सेकंदाला वीस-एक वेळा. ठेका जोरात असला की माणूस आखडतो, मंद होतो. गोळी लागू पडली की ठेका उतरतो. थरथर यात फारशी दिसत नाही, पण आखडणं दिसतं.

मला गिरणी आठवली. वरच्या पेटीतले दाणे संपले की दगड रिकामे फिरतात आणि गिरणी एका सुरात गायला लागते. मी घरात असले तरी मला ते ऐकू येतं आणि मी धावते. दाणे पडले की सूर फुटतो, खरखर सुरू होते, म्हणजे काम सुरू. मी हे बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या, "जवळपास तसंच." जवळपास म्हणजे अगदी तसं नव्हे, हे मला कळलं. पण माझ्यापुरतं भागलं.

"आता हे बघा," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नोव्हेंबर. सातची गोळी, रेघ खाली. अकराची गोळी, रेघ खाली. छान. नोव्हेंबरच्या शेवटी काय झालं? सातची गोळी, खाली. अकराची गोळी, खालीच येत नाही. दीड वाजेपर्यंत वर. रोज. वहीत मात्र ठीक. काका, दोघांपैकी एक चुकतंय, तुम्ही किंवा तुमचा मेंदू."

तो वहीकडे बघायला लागला. मी बोलले.

"आखडतात. अकरा ते दीड. महिना झाला."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. पुन्हा पडद्याकडे वळल्या. "रविवारी होत नाही हे. बघा, रविवारी अकराची गोळी बरोबर लागू पडते. रविवारी काय वेगळं असतं?"

"वंदना," तो म्हणाला. दहा मिनिटांत पहिल्यांदाच त्याचा आवाज नीट आला.

"रविवारी सकाळी गिरणी बंद असते," मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं, कारण डॉक्टर म्हणाल्या, "गिरणीची मोटर किती जवळ असते काकांच्या? मोटरच्या जवळ बसल्यानं सहसा असं होत नाही. पण खात्री करायची तर महिनाभर त्यांना गिरणीत बसू न देता बघावं लागेल."

गिरणीशिवाय माझा नवरा म्हणजे घरातल्या खुर्चीत बसलेला माणूस. आमची गिरणी सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या काही घरांनी दळण दुसरीकडे नेलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. यानं दगड चांगले ठेवले आणि येईल त्याच्याशी बोलत राहिला. वर्षाच्या आत डबे परत आले. दगड आता मी सांभाळते. बोलणं अजून त्याचंच आहे.

मी पिशवीतून वही ओढली. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी गिरणीच्या दुरुस्त्या लिहिते. पंधरा, सोळा, सतरा डिसेंबर: मोटर जळाली, गिरणी बंद.

"हे तीन दिवस बघा ना पडद्यावर."

डॉक्टरांनी बघितलं. तिन्ही दिवस रेघ वर.

"मग मोटर नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्यानं मला जरा हायसं वाटलं, तर त्या पुढे म्हणाल्या, "मग सरळ उपाय राहतो. दुपारपर्यंतचा करंट थोडा वाढवून बघू."

"नको," तो म्हणाला.

"अर्धी पायरी, काका. सप्टेंबरइतका नाही."

"नको."

"पंधरा मिनिटं बघू. नाही जमलं तर परत आणते. माझा शब्द."

तो माझ्याकडे वळला. मी मान हलवली. मी मान का हलवली, तर तो उंबऱ्यावर अडकलेला मला पुन्हा बघायचा नव्हता. त्यांनी पडद्यावर दोनदा बोट टेकवलं.

"आता काहीतरी बोला. पाठ असलेलं."

त्यानं वंदनेची पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दावर जीभ अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. वीस वर्षं जी ओळ झोपेतही म्हणेल ती. त्यानं तोंड मिटलं.

"बाहेर थोडं चाला, बसा. पंधरा मिनिटांनी आत या, मग ठरवू," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसलो. पाय सैल पडत होते, हे खरं. पण तो बोलायला लागला तेव्हा मला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. तीनदा सांगितल्यावर कळलं: "का सांगितलंस?"

"तुमचा मेंदूच सांगत होता. मी फक्त दुजोरा दिला."

"आता हेच राहणार."

"पंधरा मिनिटं म्हणाल्यात."

"हेच राहणार," तो पुन्हा म्हणाला. समोर बसलेल्या बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे. त्याला ते दिसलं. मग तो हातांच्या खुणांनीच बोलायला लागला. घड्याळावर बोट ठेवलं. अकरा वाजले होते. गोळी.

रिकाम्या पोटी अकराची गोळी घेतली की त्याला मळमळतं, म्हणून आधी भाकरी खायची, हा नियम मीच घातला होता. मी डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातात दिली आणि उरलेली अर्धी माझ्या हातात राहिली.

भाकरीत काळे ठिपके होते.

आमच्याकडे हिवाळ्यात कळण्याची भाकरी करतात. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळायचे, त्याला कळणं म्हणायचं. भरीत आलं की कळणं येतं. नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या गिरणीत दिवसाला दहा-बारा दळणं कळण्याची असतात. मी ते हातानं मिसळते, नाकानं ओळखते. आणि ते मी कायम भाकरीचं पीठ म्हणूनच बघत आले.

जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळीच्या तासभर आधी आणि नंतर डाळ, दूध, अंडी नको. त्यातला कस, म्हणजे प्रथिनं, आणि गोळी एकाच दारानं आत जातात, गर्दी झाली की गोळी बाहेर राहते. मी ते काटेकोर पाळलं होतं. दूध रात्री. वरण रात्री. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचे, दिवसा यांच्या पोटात डाळीचा दाणा जात नाही. आणि रोज साडेदहाला मी त्याला उडीद वाढत होते, वर अकराची गोळी. रविवारी तेवढं नाही, कारण रविवारी वंदनेनंतर विहारात केळी वाटतात आणि घरी यायला बारा वाजतात. एकच रविवार वेगळा होता. अक्कांचा.

त्याचा हात तोंडापर्यंत गेला होता. मी घास काढून घेतला.

"ए!" तो म्हणाला. हे मात्र स्पष्ट होतं.

मी उठले आणि नंबर नसताना सरळ आत गेले. आत दुसरा पेशंट होता. त्याची माफी मागितली आणि डॉक्टरांना विचारलं, "एकवीस डिसेंबरचा रविवार बघाल का? एवढंच."

त्यांना माझा चेहरा बघून काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी बघितलं. "हा रविवार वेगळा आहे. सकाळपासूनच वर. बारापर्यंत."

मी भाकरी टेबलावर ठेवली. पुण्याच्या बाईला कळणं माहीत असायचं कारण नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी तुकडा उचलून उजेडात धरला.

"उडीद किती असतात यात?"

"गिऱ्हाइकाला चार वाट्यांना एक. घरच्यासाठी दोन."

"घरच्यासाठी जास्त का?"

"ताकद यावी म्हणून."

आतला पेशंट हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, हेच कारण आहे असं मी आज म्हणणार नाही. एवढ्यानं ठरत नाही. थंडी असेल, आजार पुढे सरकला असेल. पण करंट वाढवण्याआधी हे बघायला हवं. सकाळची भाकरी साधी. कळणं रात्री. बाकी काही बदलू नका, गोळीची वेळसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात या, रेघ काय म्हणते ते बघू. खाली आली नाही तर वाढवावं लागेल, हे काकांना आजच सांगते."

त्याला आत बोलावून अकराची गोळी नुसत्या पाण्याबरोबर दिली आणि डॉक्टरांनी वीज पूर्वीवर आणली. जीभ सुटायला पाच-सात मिनिटं लागली. तोवर आम्ही तिघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मग त्यानं हळू आवाजात ती पहिली ओळ म्हणून बघितली. पूर्ण झाली.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, आणि ते दुसरं बटण. आखडलात की दाबायचं."

"दाबलं की करंट वाढवणार तुम्ही."

"नाही दाबलं तर काय झालं, बघितलंत ना?"

परतीच्या बसमध्ये त्यानं मी बसस्टँडवर घेतलेली केळी खाल्ली. एरंडोल जवळ आल्यावर म्हणाला, "म्हणजे महिनाभर मी खोटं लिहिलं आणि तू मला उडीद चारलेस."

"फिटंफाट."

"कशी फिटंफाट? मी खोटं लिहिलं ते जीभ वाचवायला."

"आणि मी चारले ते ताकद यायला. तुम्ही डिसेंबरमध्येच खरं लिहिलं असतं तर त्या उंबऱ्यावर सत्तर माणसांसमोर उभं राहावं लागलं नसतं."

"अक्काला सांगू नको," तो म्हणाला. "तिला वाटेल तिनंच केलं."

"सांगणार नाही. पण पुढच्या वेळी त्या आल्या की गॅस माझ्या ताब्यात."

तो हसला असावा. खात्रीनं सांगता येत नाही, खांदा हलला. मग त्यानं विचारलं, "आणि रेघ खाली नाही आली तर?"

मी पिशवीतून वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती उघडली नाही, पण जळगाव येईपर्यंत हात तिच्यावर ठेवून बसला.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठले. टाकी लावल्यावर दगडांची कच जाईपर्यंतचं पहिलं पीठ टाकून द्यायचं असतं. ते काम बुधवारी संध्याकाळीच झालं होतं, त्यामुळे दगड कोरे होते, कशाचाही अंश नाही. गिऱ्हाइकांची कळणी चढायच्या आत मी घरासाठी दोन किलो ज्वारी दळून घेतली. घरातला कळण्याचा डबा स्टुलावर चढून वरच्या फळीवर टाकला. सातला गोळी दिली. साडेदहाला ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी. "काही चव नाही," तो म्हणाला. मी म्हणाले, "रात्री चव देते." अकराला गोळी, नुसतं पाणी. वहीत आजची तारीख घातली, पुढची जागा कोरी ठेवली आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. ते छोटं उपकरणही.

साडेअकराला काकू बाजरीचं दळण न्यायला येणार होत्या. त्यांचा भरलेला डबा मी काउंटरवर ठेवला, त्याच्या हातापासून वीतभर लांब, आणि आत जाऊन गिरणी सुरू केली.